मदत हवी आहे: केनियाची मुकोंबेरो मुळी ओळखायची कशी आणि घ्यायची किती?

नैरोबीहून दोन गोष्टी आल्या आहेत. एक, लैंगिक ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या मुकोंबेरोच्या वाळक्या मुळ्यांची जुडी. दोन, समोर ‘पुरुषांसाठी’ एवढंच लिहिलेली 100 ग्रॅम तपकिरी पूड. वय 52, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन 5 रोज चालू. मुळी खरी आहे हे कसं कळेल? काढा करायचा की चघळायची? आणि किती दिवस?

रानमूळ:
आधी वास. मुकोंबेरो म्हणजे मोंडिया व्हायटी, पश्चिम केनियात काकामेगाच्या बाजूला मिळणारी चिकाची वेल. आपली उपळसरी तिच्याच गोतातली, आणि दोघींच्या मुळांना वास देणारं द्रव्यही एकच: 2-हायड्रॉक्सी-4-मेथॉक्सीबेन्झाल्डिहाइड. साल नखाने खरवडली की व्हॅनिलासारखा वास यायला हवा. नसेल तर माल जुना तरी, नाहीतर भलताच. पण वास आला म्हणजे खात्री झाली असं नाही, उपळसरीच गळ्यात मारली असेल तरी तो येणारच. उपळसरीची मुळं बारीक, वेडीवाकडी असतात. मुकोंबेरोची जाड, मांसल. आडव्या चिरा पाडून बुरशी बघा, वाळवताना ओल राहिली की आत काळी पडते.

उपयोगाची असते ती मुळाची साल, मधला लाकडी गाभा टाकून देतात. तिकडे ओली मुळी तशीच चघळतात. वाळकी असेल तर साल ठेचून कपभर गरम पाण्यात झाकून 10 मिनिटं ठेवा. काढ्यासारखी उघड्यावर आटवू नका, वास वाफेबरोबर उडून जातो.

खलबत्ता:
‘किती दिवस’ हाच खरा प्रश्न. माणसासाठी प्रमाणित मात्रा ठरलेलीच नाही. कॅमेरूनमधल्या संशोधकांनी उंदरांना सालीचा जलीय अर्क 8 दिवस दिला तेव्हा टेस्टोस्टेरॉन वाढलं. त्याच गटाने 400 मिग्रॅ प्रतिकिलो 55 दिवस दिला तेव्हा शुक्राणू तयार होणंच थांबलं. अर्क बंद केल्यावर ते हळूहळू पूर्ववत झालं. मूल हवंय म्हणून महिनोन् महिने घेणाऱ्याला हे उलटं पडू शकतं. नैराश्यासाठी एसएसआरआय (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर मुळीही घेऊ नका, मुळीतली काही द्रव्यं सेरोटोनिनच्याच वाटेवर काम करतात.

प्रश्नकर्ता:
पुडीच्या मागे बारीक अक्षरात ‘योहिंबे साल’ही आहे. चालेल का?

खलबत्ता:
नाही. पूड बाजूला ठेवा, चिमूटभरही नको. योहिंबे हे कॅमेरून-गॅबॉनकडचं झाड, त्याच्या सालीतलं योहिंबिन अल्फा-2 रिसेप्टर, म्हणजे शरीराचं नॉरअ‍ॅड्रेनलिन आवरणारा ब्रेक, अडवतं. बीपी चढतं, छाती धडधडते, हात थरथरतात, घबराट होते. म्हणजे एका हाताने अ‍ॅम्लोडिपिन, दुसऱ्या हाताने त्याचा उतारा! अमेरिकेत डॉक्टरी चिठ्ठीवरची योहिंबिनची गोळी 5.4 मिग्रॅची असते. तिथल्याच 49 ब्रँडचे पूरक डबे 2015 मध्ये तपासले तेव्हा एका मात्रेत योहिंबिन शून्यापासून 12.1 मिग्रॅपर्यंत निघालं. युरोपीय संघाने 2019 मध्ये खाद्यपदार्थांत ही साल घालायलाच बंदी केली.

रानमूळ:
पुडीत काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही, हे वेगळंच. अशा ‘वनस्पती’ पुड्यांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळलेलं सापडतं. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने ती घेतली तर बीपी धाडकन उतरून जीव जाऊ शकतो. ‘अर्ध्या तासात गुण’ असा दावा दिसला की हाच संशय आधी घ्यायचा, मुळ्या इतक्या झटपट काम करत नाहीत.

खलबत्ता:
आणि 52 वयात, बीपी असताना ताठरता कमी झाली असेल तर मुळीच्या आधी एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि सकाळी 8 ते 10 दरम्यान टेस्टोस्टेरॉन करून घ्या. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे तुंबणं तिथे आधी जाणवतं. रिपोर्ट आले की इथेच टाका, फक्त नाव-पत्ता झाकून.