कोरेशाचे धोरण आणि देवाची सत्ता
पर्शियाचा राजा कोरेश (सायरस) याने बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात असलेल्या यहुद्यांना मायदेशी जाऊ दिले ते निव्वळ राजकीय धोरण होते, म्हणून त्यात देवाचा हात पाहू नये, हे आपले म्हणणे मला पटत नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल जिंकल्यानंतरच्या, आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या त्याच्या मातीच्या दंडगोलावर विजयाचे श्रेय बाबेलच्या मुख्य देवाला, मार्दूकाला दिले आहे, हे खरेच. पण बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ४५व्या अध्यायात परमेश्वर ज्याला आपला अभिषिक्त म्हणतो, त्याच कोरेशाला, तू मला ओळखत नव्हतास, असेही दोनदा सांगतो. हे अध्याय बंदिवासातच लिहिले गेले, म्हणजे ते फार आधी केलेले भाकीत नव्हे, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असले तरी, देशोधडीला लागलेल्या लोकांनी जेत्यांच्या देवांपुढे न झुकता साऱ्या राष्ट्रांचा धनी आपलाच देव आहे असे म्हणावे, ही श्रद्धा मला भाकिताच्या अचूकतेहून मोठी वाटते.