‘ब्रोकन अर्थ’ वाचताना कुठे अडलात, कसे सुटलात?

नमस्कार मंडळी. गेल्या मे महिन्यात, नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, कूलरसमोर बसून मी एन. के. जेमिसिन या अमेरिकन लेखिकेची ‘ब्रोकन अर्थ’ ही कल्पनारम्य कादंबऱ्यांची मालिका पूर्ण केली. ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५), ‘द ओबेलिस्क गेट’ (२०१६) आणि ‘द स्टोन स्काय’ (२०१७). तिन्ही पुस्तकांना लागोपाठ तीन वर्षं विज्ञानकथा-कल्पनारम्य साहित्याचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तरी पहिलं पुस्तक मी दोनदा अर्ध्यात सोडलं होतं. साठ पानं झाली तरी कोण कुठे आहे, कधी आहे, काहीच लागेना.

शेवटी दिलेल्या शब्दकोशाकडे मी दर परिच्छेदाला धावायचो, तिथेच चुकत होतं. तिसऱ्या वेळी ठरवलं, मागे उलटायचं नाही. लहानपणी आजोळच्या ओसरीवर मोठ्यांच्या गप्पा ऐकताना निम्मी माणसं ओळखीची नसायची. ऐकता ऐकता कळायची. तसंच झालं. तुम्हीही लिहा. फक्त पहिल्या पुस्तकातल्या तीन गोष्टींचा सांधा कुठे आहे, तेवढं फोडू नका.

*

मी भूविज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. नातीनं पुस्तक हातात दिलं आणि मी ‘ओरोजीन’ या शब्दापाशीच थांबलो. ओरोजेनी म्हणजे पर्वत घडण्याची प्रक्रिया, आमचा रोजचा शब्द. इथे तो जमिनीची ताकद ओढून भूकंप थोपवणाऱ्या, किंवा घडवणाऱ्या, माणसांना दिला आहे. त्या खंडाचं नाव ‘स्टिलनेस’, आणि तो कधी स्थिर नसतो. मोठा उद्रेक झाला की राखेनं सूर्य झाकतो, पिकं जातात, थंडी हटत नाही. तोच पाचवा ऋतू. ही नुसती कल्पना नाही. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी उन्हाळा आलाच नाही.

नागपूरकरांनी ही पुस्तकं सीताबर्डीच्या टेकडीकडे बघत वाचावीत असं मला मनापासून वाटतं. ती टेकडी बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचा पूर्वेकडचा काठ आपल्याच भागात येतो. नागपुरातल्या टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गाळाचा थर आहे, त्यात गोड्या पाण्यातले शंख आणि वनस्पतींचे अवशेष सापडतात. ज्यांच्या नावाचं कॉलेज इथे आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांचा अभ्यास केला. दोन उद्रेकांच्या मधल्या उसंतीत इथे तळं होतं, त्यात गोगलगाई होत्या. कादंबरीतल्या वस्त्या दोन ऋतूंच्या मध्ये धान्याची कोठारं भरताना वाचलं, की मला टाकळीचा तो वीतभर गाळ आठवायचा.

*

मला भूकंपांनी नाही, एका शब्दानं अडवलं. तिथे माणसाच्या पूर्ण नावात आधी स्वतःचं नाव, मग ‘यूज-कास्ट’, मग वस्तीचं नाव. नाव, जात, गाव. मी पुस्तक मिटून ठेवलं, त्या रात्री पुढे वाचवलंच नाही.

आणि ओरोजीन लोकांना हिणवायला तर वेगळी शिवीच आहे. ज्यांच्यामुळे शहरं उभी राहतात, त्यांना पाळायचं, राबवायचं, आणि भीती वाटली की मारायचं. मी दीक्षाभूमीपासून चालत जाण्याच्या अंतरावर वाढले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाबा तिथल्या स्टॉलवरून पिशवीभर पुस्तकं आणायचे, अजूनही आणतात. त्यांना ही गोष्ट मी जेवताना रोज थोडी थोडी सांगितली. लहान मुलीला घरातून काढून शिकायला नेतात, तिथे आल्यावर त्यांनी घास हातात धरून विचारलं, “ते तिला शिकवून राहिले की वापरून राहिले?” तिन्ही पुस्तकं मी मग तो प्रश्न धरूनच वाचली.

*

हॉस्टेलवर राहतो. रूममेट रोज विचारे, “काय बे, अजून तेच पुस्तक वाचून राहिला का?” खरं सांगतो, दुसऱ्या भागात दमलो. पहिल्यात सतत प्रवास होता. दुसऱ्यात बराच काळ सगळे जमिनीखालच्या एकाच वस्तीत, गोष्ट हलेचना. मग त्यातल्या आई-मुलीपैकी मुलीची प्रकरणं सलग वाचून काढली आणि आईची नंतर. बरोबर केलं की नाही माहीत नाही, पण तिसऱ्या भागापर्यंत पोचलो आणि तो दोन रात्रींत संपवला. नावांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर अजून आहे.

*

माझी अडचण वेगळीच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि वाचन बंद. दुपारी मी तिला पानं मराठीत करून सांगायची. यात एका बाईच्या प्रकरणांत निवेदक तिला ‘यू’ म्हणत बोलतो. इंग्रजीत ते निभतं. मराठीत तू की तुम्ही? ‘तुम्ही’ म्हटलं की बोलणारा परका वाटे. ‘तू’ म्हणावं, तर तो तिचा कोण लागतो हेच ठाऊक नाही. सुरुवातीलाच त्या बाईला घरात तिचा लहानगा मुलगा मेलेला सापडतो, बापानं मारलेला. मी तिथे तू-तुम्ही करत चाचपडत होते. आई डोळे मिटूनच म्हणाली, “तू म्हण ना वं. एवढं दुःख झालेल्या बाईला अहो-जाहो करते का कोणी?”

‘तू’ धरूनच तिन्ही पुस्तकं सांगितली. शेवटी बोलणारा कोण आणि तिला हे सगळं का सांगतो आहे, ते उलगडलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ते पोराचं पान पुन्हा वाच.”