मदत हवी आहे: एक्सपीवर मराठी फॉन्टचं पॅकेज 'लॉक सापडत नाही' म्हणतंय

शाहूपुरीत आमचं लहानसं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, पावतीपुस्तकं. मशीन पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, विंडोज एक्सपी, पानं जुळवायला पेजमेकर ७. फॉन्टचं पॅकेज वडिलांनी घेतलेलं, त्याचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय पॅकेज चालत नाही तो छोटा तुकडा, मागं प्रिंटरच्या पोर्टात बसतं. हसू नका, आमच्या सगळ्या जुन्या पत्रिका त्यातच आहेत.

चार दिवस दुकान बंद होतं. सोमवारी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर चेकसमचा कसलातरी मेसेज, एफ १ दाबा म्हणाला. दाबलं, विंडोज आलं. पॅकेज मात्र लॉक सापडत नाही म्हणून बंद. आमचे फॉन्ट ते पॅकेजच चढवतं, त्यामुळं जुनी पत्रिका उघडली की पेजमेकर दुसऱ्या फॉन्टची यादी पुढं करतो. ओके केलं की 'श्री जोतिबा प्रसन्न'च्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची खिचडी.

लॉकच्या पिना ब्रशनं झाडल्या. पोरानं रॅमसुद्धा खोडरबरनं घासली. पॅकेज परत टाकायला घेतलं तर सीडी निम्म्यात अडकते. मेकॅनिक म्हणतो नवीन घ्या, पण नव्या मशीनला हे पोर्टच नसतं, लॉक लावू कुठं? गिऱ्हाईक दारात उभं आहे.

आणि हो, संबंध नसेल, पण घड्याळ १ जानेवारी २००२ दाखवतंय.

प्रतिसाद:
संबंध तिथंच आहे, दादा. मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. तो मेला की तारखेबरोबर बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, बाकी सेटिंगही पुसल्या जातात, त्यात प्रिंटर पोर्टची पण. लॉक ठणठणीत असेल, मशीनला ते दिसत नसेल.

मशीनची विजेची वायर काढून सेल बदला. चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, तारीख लावा. मग इंटिग्रेटेड पेरिफेरल्समध्ये पॅरलल पोर्ट, म्हणजे तेच प्रिंटरचं पोर्ट, बंद नाही ना बघा, पत्ता ३७८ ठेवा. मोड ईसीपी, ईपीपी, एसपीपी असे असतात. आधीचा आठवत नसेल तर एकेक लावून बघा. लॉक काढता-घालताना मशीन बंदच पाहिजे. सीडीच्या नादाला आत्ता लागू नका.

एक महत्त्वाचं. पेजमेकरच्या त्या यादीत 'पर्मनंट' निवडून फाइल सेव्ह केली नाही ना?

मूळ लेखक:
लागलं की हो! ईपीपीवर लॉक दिसलं, पॅकेज उठलं. पोरगं अजून म्हणतंय रॅम घासल्यामुळंच.

पण एक पत्रिका त्यानं तशीच सेव्ह केलीय, पर्मनंट. गेली का ती?

प्रतिसाद:
गेली नाही. फाइलमधली अक्षरं तीच आहेत, फक्त फॉन्टचं नाव बदललंय. मजकूर निवडून मूळ फॉन्ट लावा, मराठी परत दिसेल. कुठल्या ओळीला कुठला होता ते मात्र हातानं जुळवावं लागेल. आणि या मशीनला इंटरनेट जोडू नका, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय. फाइलींची एक कॉपी आजच दुसरीकडं काढा.

मूळ लेखक:
वडील छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत फायलीत लावून ठेवायचे, आम्ही त्यांना रद्दी म्हणायचो. तीच समोर ठेवून बसलोय. नवऱ्याचं नाव जुळलं, मुहूर्ताची ओळ राहिलीय.