केबिन बॅग नक्की केवढी चालते? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

मंजिरी (बी-३०४): एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं आणि सासूबाई युरोपला चाललोय. जायचं-यायचं विमान मोठ्या कंपनीचं आहे. पण तिथल्या तिथे फिरायला दोन स्वस्तातली तिकिटं काढलीत, एक रायनएअर आणि एक ईझीजेट. दोन्हीवर नुसतं ‘एक छोटी बॅग’ लिहिलंय. आमच्याकडे चाकांची बॅग आहे, घेतली तेव्हा तिच्यावर ‘केबिन साइज’ असं लेबल होतं. ती चालेल ना?

देशपांडे काका (ए-१०२): बिनधास्त न्या. सात किलोपर्यंत सगळीकडे फुकट असतं. आंतरराष्ट्रीय नियमच आहे तसा.

समीर (सी-५०१): काका, असा आंतरराष्ट्रीय नियम नाहीये. ज्याची त्याची कंपनी ठरवते. आणि लेबलचं म्हणाल तर २०१५ मध्ये आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने ‘केबिन ओके’ असं एक लेबल आणायचं ठरवलं होतं, ५५ बाय ३५ बाय २० सेंटीमीटरच्या बॅगेसाठी. अमेरिकेत इतकी बोंबाबोंब झाली की थोड्याच दिवसांत ते गुंडाळावं लागलं. तेव्हा बॅगेवरचं लेबल हे बॅग विकणाऱ्याचं मत. गेटवरच्या माणसाला त्याच्याशी काही घेणं नाही.

देशपांडे काका: मग सात किलो कुठून आलं?

समीर: ते आपल्याकडचं. इंडिगोला हातातली एक बॅग सात किलोपर्यंत, शिवाय पर्स किंवा लॅपटॉपची बॅग तीन किलोपर्यंत. एअरएशियाला दोन नग, पण दोन्ही मिळून सात किलो. स्कूटला दोन्ही मिळून दहा. म्हणजे आशियात बहुतेक ठिकाणी वजन बघतात. युरोपातल्या स्वस्त कंपन्यांचा जीव मापात अडकलेला असतो. ईझीजेटची फुकट बॅग पंधरा किलोपर्यंत चालते, पण ४५ बाय ३६ बाय २० च्या आत हवी आणि सीटखाली गेली पाहिजे. रायनएअरची फुकटातली ४० बाय ३० बाय २०. तीसुद्धा २०२५ मध्ये वाढवली, आधी ३० च्या जागी २५ होतं.

मंजिरी: म्हणजे आमची चाकांची फुकटात बसतच नाही.

समीर: दोन्हीकडे नाही बसत. एकदा टेप लावून बघा. चाकं आणि वरचा दांडा धरून मोजा. दुकानवाले बऱ्याचदा नुसत्या खोक्याचं माप सांगतात.

कुलकर्णी, सेक्रेटरी: सकाळचा लिफ्ट दुरुस्तीचा मेसेज पार वर गेला आहे. कृपया तो वाचावा. बाकी चर्चा चालू द्या, आम्हालाही मार्चमध्ये जायचं आहे.

देशपांडे काका: ⏩ फॉरवर्डेड: *युरोपियन कोर्टाचा निकाल!! हातातल्या बॅगेचे पैसे घेणे बेकायदेशीर!! कोणी मागितले तर देऊ नका!! जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा!!*

समीर: यात निम्मं खरं आहे, म्हणून जास्त घोळ होतो. २०१४ मध्ये वुएलिंग या स्पेनच्या विमान कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालय म्हणालं होतं की हातातलं सामान ही प्रवासाची गरजेची गोष्ट आहे, वाजवी वजन आणि माप असेल तर त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत. पण वाजवी म्हणजे किती, हे सांगितलं नाही. तेवढ्याच फटीतून सगळ्या कंपन्या निसटल्या. सीटखालची पिशवी फुकट देतो, वरच्या कप्प्यातलीचे पैसे, झालं वाजवी! मग नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनने पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरो दंड ठोकला, त्यात रायनएअर आणि ईझीजेट दोन्ही आहेत. कंपन्या त्याविरुद्ध भांडतायत. ते भांडण कोर्टात. गेटवर तुम्ही निकालाचा फोटो दाखवलात तर मागची रांग फक्त चिडेल.

देशपांडे काका: पण मुळात यांना एवढं काय जड जातं? बॅग तर आपणच उचलतो, आपणच ठेवतो.

समीर: जागा नाही हो. रायनएअरच्या बोइंगमध्ये १८९ सीट आणि वरच्या कप्प्यांत चाकांच्या बॅगा मावतात साधारण ९०. हा आकडा ते स्वतःच सांगत आलेत. उरलेल्या शंभर बॅगा ऐन वेळी खाली पोटात टाकायच्या म्हणजे वेळ जातो. यांचं विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत जेमतेम पंचवीस मिनिटं धरलेली असतात. त्यावरच सगळं स्वस्त तिकीट उभं आहे. हे झालं खरं कारण. पण त्यातून पैसे मिळतात हे कळल्यावर कारण राहिलं बाजूला आणि धंदा झाला. अमेरिकेत स्पिरिट या स्वस्त विमान कंपनीने २०१० मध्ये कप्प्यातल्या बॅगेचे पैसे घेणं सुरू केलं, तेव्हा संसदेपर्यंत आरडाओरडा झाला होता. आता कोणाला त्याचं काही वाटत नाही.

निकिता (ए-६०३): आणि रायनएअर तर मोठी बॅग पकडून देणाऱ्या कर्मचाऱ्याला बॅगेमागे बक्षीस देते. आधी दीड युरो होतं, २०२५ मध्ये अडीच केलं. त्यांच्या प्रमुखाने, मायकल ओ’लिअरीने, स्वतः मुलाखतींत सांगितलंय. लपवाछपवी काहीच नाही 😄

देशपांडे काका: कमाल आहे. म्हणजे जकात नाकाच झाला की.

निकिता: म्हणूनच ‘दोन सेंटीमीटरनी काय होतंय’ असं म्हणून जाऊ नका. गेटपाशी लोखंडी चौकट ठेवलेली असते, बॅग त्यात आत गेली पाहिजे आणि बाहेरही आली पाहिजे. मऊ सॅक असेल तर दाबून बसते. कडक कवचाची एक सेंटीमीटरही दबत नाही. माझ्या मैत्रिणीची सॅक मापात होती, पण पुढच्या खिशात बूट कोंबले होते, तिथे अडली. बूट पायात घातले, चपला आत टाकल्या, गेली. (कंपनीचं नाव नाही सांगत.)

मंजिरी: मोजली. चाकं धरून ५५ बाय ३८ बाय २३. पैसे भरले तर तरी चालेल का?

समीर: ईझीजेटला चालेल. त्यांची पैसेवाली केबिन बॅग ५६ बाय ४५ बाय २५ पर्यंत असते. रायनएअरची ५५ बाय ४० बाय २०, दहा किलो. तुमची जाडीला तीन सेंटीमीटर जास्त आहे. म्हणजे प्रायॉरिटीचे (त्यांच्याकडे कप्प्यातली बॅग त्यातच येते) पैसे भरूनही गेटवर पुन्हा पैसे. हे सगळ्यात वाईट.

मंजिरी: अरे देवा.

समीर: पण मंजिरीताई, मला दुसराच प्रश्न पडलाय. मोठ्या विमानाने जाताना तुम्ही चेक-इनच्या मोठ्या बॅगा नेणारच असाल. तिथल्या छोट्या विमानांच्या वेळी त्या कुठे असणार? ही तिकिटं वेगळी काढलीत, मोठ्या कंपनीने दिलेली सामानाची सवलत त्यांना लागू होत नाही. लोक केबिन बॅगेची काळजी करत बसतात आणि खरा दणका तेवीस किलोच्या बॅगेला बसतो.

मंजिरी: 😳 हा विचारच नाही केला आम्ही. परतीचं विमान पहिल्याच शहरातून आहे.

समीर: मग सोपं आहे. मोठ्या बॅगा पहिल्या शहरात हॉटेलवर किंवा सामान ठेवायच्या ठिकाणी ठेवा. मधल्या दिवसांसाठी तिघांत मिळून एकच बॅग, रायनएअरची वीस किलोची चेक-इन. तिला मापाची कटकट नाही, तुमची चाकांची आरामात जाईल. उरलेलं तिघांच्या तीन मऊ सॅकमध्ये, ४० बाय ३० बाय २० च्या. रायनएअरला बसली की ईझीजेटला बसतेच. प्रायॉरिटी वगैरे काही घेऊ नका. फक्त ती वीस किलोची बॅग आजच ऑनलाइन घाला. विमानतळावर भाव वेगळा आणि गेटवर त्याहून वेगळा. जेवढे दाराजवळ जाल तेवढं महाग.

शुभांगी काकू (बी-१०१): मंजिरी, आईंची औषधं चेक-इनमध्ये टाकू नकोस हं. इन्सुलिन तर मुळीच नाही, खाली गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेव. पातळ औषध शंभर मिलीपेक्षा जास्त असेल तरी गरजेचं असेल तर नेता येतं, तपासणीला आधी काढून दाखवायचं. आणि त्यांचा वॉकर सामानात धरत नाहीत, त्याचे पैसे नाही लागत. पण विमान कंपनीला आधी कळव.

मंजिरी: थँक्यू काकू. वॉकरचंच विचारणार होते.

निकिता: एक अजून, हे सगळ्यांसाठी. गेटवर बॅग तुमच्याकडून काढून खाली पाठवायला लागले, तर आधी पॉवर बँक बाहेर काढा. फुकट पाठवत असले तरी. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनमध्ये जाऊच शकत नाही. घाईत लोक बॅग देऊन टाकतात आणि आत दोन-दोन पॉवर बँक असतात.

देशपांडे काका: एवढ्याशा बॅटरीने काय होतंय?

निकिता: जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उडायच्या आधी जमिनीवरच जळलं, काका. वरच्या कप्प्यातून आग सुरू झाली. संशय पॉवर बँकेवरच. सगळे बाहेर पडले हे नशीब. त्यानंतर कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायलाच बंदी घातली. स्कूट आणि सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात ती वापरायलाही मनाई केली. केबिनमध्ये धूर निघाला तर कोणाला तरी दिसतो, खाली पोटात कोण बघणार?

देशपांडे काका: माझी वीस हजारवाली आहे. चालेल?

निकिता: १०० वॉट-अवरपर्यंत चालते. एमएएचला, म्हणजे तुमच्या त्या वीस हजारला, ३.७ ने गुणायचं आणि हजाराने भागायचं. तुमची ७४ येते. फक्त वर आकडा छापलेला स्पष्ट दिसला पाहिजे. पुसला असेल तर काही ठिकाणी ठेवून घेतात.

देशपांडे काका: पुसलाय बहुतेक. चष्मा लावून बघतो.

मंजिरी: चेक-इन बॅग घातली, दोन्ही विमानांना एकेक. रायनएअरला वीस किलोची. ईझीजेटला तेवीसचा पर्याय दिसला, तो घेतला. समीर, एक शंका. त्या तीन सॅक मापात आहेत, पण सासूबाईंची हँडबॅग वेगळी असणार. ती धरतात का?

समीर: धरतात. तिकडे एक बॅग म्हणजे एकच, पर्ससकट. गेटच्या रांगेत उभं राहायच्या आधी ती सॅकमध्ये घाला, आत गेल्यावर काढा. त्यासाठी वर चार बोटं जागा मोकळी ठेवा. ड्यूटी फ्रीची पिशवी चालते की नाही हे कंपनीगणिक बदलतं, ते आधी वाचून घ्या.

मंजिरी: त्यांना हे पटवणं हे खरं काम आहे. त्या हँडबॅग हातातून सोडत नाहीत 🙈

शुभांगी काकू: मी बोलते त्यांच्याशी संध्याकाळी.

समीर: आणि माझ्याकडे बॅग लटकवून वजन करायचा काटा आहे. हवा असेल तर घेऊन जा, परतीच्या वेळी तिकडेही उपयोगी पडेल.

कुलकर्णी, सेक्रेटरी: मार्चमध्ये आम्हाला.

देशपांडे काका: त्याआधी मला. आकडा सापडला, ७४ च लिहिलंय.