संगणक रीस्टार्ट केला की प्रॉक्सी आपोआप चालू होतो – मदत हवी आहे

घरच्या डेस्कटॉपवर विंडोज १० आहे आणि वायफाय जोडलेले दिसत असूनही क्रोम व एज या दोन्ही ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. प्रॉक्सी सर्व्हरशी (ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधल्या मध्यस्थाशी) संपर्क होत नसल्याचा संदेश तेवढा येतो. त्याच राउटरवर मोबाइल व्यवस्थित चालतात आणि कमांड प्रॉम्प्टमधून ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरच्या पत्त्यावर पिंग केल्यास (चाचणी संदेश पाठवल्यास) उत्तरही मिळते, त्यामुळे दोष जोडणीत नसावा. (कस्टमर केअर मात्र दर वेळी राउटर बंद करून चालू करायलाच सांगते.)

सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीचा पत्ता १२७.०.०.१ व पोर्ट ८०८० असा दिसतो, म्हणजेच ब्राउझर याच संगणकावरील एखाद्या प्रोग्रॅमकडे पाने मागत आहे, आणि तो प्रोग्रॅम बहुधा विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने अलीकडे काढून टाकलेल्या, नको त्या जाहिराती दाखवणाऱ्या अ‍ॅडवेअरचाच भाग असावा. प्रॉक्सी बंद केला की इंटरनेट लगेच सुरू होते. रीस्टार्टनंतर तोच पत्ता पुन्हा हजर असतो. डिफेंडरच्या ऑफलाइन स्कॅनमध्ये आता काही सापडत नाही, होस्ट्स फाइलमध्ये (साइटची नावे पत्त्यांशी जोडणाऱ्या फाइलमध्ये) अनोळखी ओळ नाही आणि स्टार्टअपच्या यादीतही संशयास्पद काही नाही.

टास्क शेड्यूलरमध्ये (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीमध्ये) मात्र पुष्कळ नोंदी असून त्यांपैकी विंडोजच्या कोणत्या आणि बाहेरच्या कोणत्या, हे मला ओळखता येत नाही. ही सेटिंग नेमके कोण बदलते हे शोधण्यासाठी ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी दाखवणारे मायक्रोसॉफ्टचे साधन) वापरावे का, आणि त्यात आधी काय तपासावे? विंडोज नव्याने टाकण्याचा पर्याय कृपया शेवटचा समजावा, कारण वडिलांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना याच संगणकाशी जोडलेला आहे. तोवर येथून नेटबँकिंग बंद ठेवले आहे.