मदत हवी आहे : शांघायमध्ये सात महिने राहायचंय, सर्व्हिस्ड अपार्टमेंट घेऊ की साधा फ्लॅट?

वैदेही_चिंचवड
नमस्कार. कंपनी मला शांघायला पाठवते आहे. निघायला जेमतेम पाच आठवडे उरलेत. एचआरने तीन सर्व्हिस्ड अपार्टमेंटची (हॉटेलसारखी सेवा असलेल्या, सामानासकट भाड्याच्या घरांची) यादी पाठवली आहे आणि शुक्रवारपर्यंत एक निवडा म्हणतात. तिन्हींचे फोटो सारखेच, पांढऱ्या चादरी आणि खिडकीबाहेर उंच इमारती. ऑफिसमधला एक जण म्हणतो, सर्व्हिस्ड म्हणजे पैसे पाण्यात, सरळ फ्लॅट घे. दुसरा म्हणतो, परक्या देशात फ्लॅटच्या भानगडीत पडू नकोस. स्वयंपाक रोज घरीच होणार आहे. तिथे प्रत्यक्ष राहिलेल्या कुणी नेमकं सांगाल का? हॉटेलांचे रिव्ह्यू वाचून झालेत, कृपया लिंका देऊ नका.

नदीकाठचा_नाना
ऑफिस नदीच्या कुठल्या बाजूला आहे? हुआंगपू नदीमुळे शहराचे दोन भाग पडतात. पश्चिमेला पुशी, पूर्वेला पुडोंग. हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही. मी २०१५ ते २०१९ जिंगआन भागात राहिलो. डोळे झाकून पुशी घ्या. चालत फिरता येतं, झाडीचे रस्ते आहेत, कोपऱ्यावर भाजी मिळते. पुडोंगमध्ये संध्याकाळनंतर करायचं काय?

मिलिंद_पुडोंग
नाना, तुमचं पुडोंग फार जुनं आहे. आम्ही चौघं सेंच्युरी पार्कजवळ तीन वर्षं राहिलो आणि पुन्हा संधी मिळाली तर तिथेच राहू. रुंद फुटपाथ, मुलांना बाग, आणि २ नंबरची मेट्रो दारात. ती पुडोंग आणि होंगचियाओ या दोन्ही विमानतळांना जोडते. सूटकेसा घेऊन टॅक्सी शोधावी लागली नाही कधी.

नदीकाठचा_नाना
२ नंबर पुशीतूनही जाते, मिलिंदराव.

अनघा_के
बाजू नंतर ठरवा. वैदेही, आधी हे सांग : व्हिसा कुठला? भाडं कोण भरणार, तू की कंपनी? एकटी जाते आहेस का?

वैदेही_चिंचवड
व्हिसाचं कंपनी बघते आहे, वर्क व्हिसा आहे. भाडं कंपनीच देणार, महिना १६,००० युआनपर्यंत. त्याहून कमीत भागलं तरी उरलेले पैसे मला मिळत नाहीत. आम्ही तिघी आहोत.

राजू_निंगबो
माझं स्पष्ट मत फ्लॅटच्या बाजूने. एका बेडरूमच्या सर्व्हिस्डमध्ये मी १४,००० भरत होतो. नंतर त्याच भागात दोन बेडरूमचा फ्लॅट ८,५०० ला मिळाला. युआन साधारण १२ रुपयांचा धरा, म्हणजे महिन्याला पासष्ट हजारांच्या आसपास फरक! फक्त सुरुवातीला एकदम मोठी रक्कम जाते. तिथे ‘या यी फू सान’ पद्धत आहे, म्हणजे एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. वर एजंटचं कमिशन.

अनघा_के
राजूदादा, ती वर काय लिहिते आहे ते वाचा. उरलेले पैसे तिला मिळणारच नाहीत. मग कंपनीचे पासष्ट हजार वाचवण्यासाठी तिने चार महिन्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून अडकवायचे? आणि सात महिन्यांसाठी फ्लॅट द्यायला घरमालक सहज तयार होत नाहीत, त्यांना वर्षाचा करार हवा असतो. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने आठव्या महिन्यात घर सोडलं तर मालकाने डिपॉझिट ठेवून घेतलं. करारात तसं लिहिलेलं होतं, यांना चिनी वाचता येत नव्हतं.

राजू_निंगबो
करार वाचून घेतला नाही, यात फ्लॅटचा काय दोष? मी एका चिनी सहकाऱ्याला घेऊन गेलो होतो. दोन तासांत सगळी कलमं समजावून घेतली.

हिशेबनीस
कंपनी भाडं देणार म्हणजे ‘फापियाओ’ लागणार. ही तिथली अधिकृत कर-पावती. साध्या बिलावर किंवा बँकेच्या नोंदीवर हिशेब खातं पैसे देत नाही. सर्व्हिस्डवाले कंपनीच्या नावाने दर महिन्याला बिनबोभाट देतात. खासगी घरमालकाला फापियाओ द्यायचा म्हणजे कर कार्यालयात जाऊन भाड्यावर कर भरायचा, म्हणून तो एक तर नाही म्हणतो किंवा भाडं वाढवतो. राजूसाहेबांचे ८,५०० फापियाओसकट होते का?

राजू_निंगबो
नाही, मी स्वतः भरत होतो. हा मुद्दा मान्य.

शिल्पा_दमट
सगळे पैशांवरच बोलताय. मी हवेबद्दल सांगते. तू नेमकी कधी जाणार? चीनमध्ये सरकारी सेंट्रल हीटिंग हुआई नदीच्या उत्तरेला आहे, शांघाय दक्षिणेला. बीजिंगमध्ये बाहेर उणे असताना लोक घरात टी-शर्टवर बसतात आणि शांघायमध्ये चार-पाच अंशांत घरातही जाकीट घालून बसावं लागतं. थंडी ओली असते, हाडांत शिरते. भिंतीवरच्या एसीने डोकं तापतं आणि पाय गार पडतात. जून-जुलैत ‘मेईयू’चा पाऊस, तेव्हा कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी आली होती माझ्या. घर कुठलंही घे, फ्लोअर हीटिंग आहे का आणि डीह्युमिडिफायर देतात का, हे दोन प्रश्न लेखी विचार. वॉशिंग मशीनमध्ये ड्रायर आहे का, हेही.

प्रवासी_पक्षी
पैसे द्यायची चिंता करू नका. अलिपे आणि वीचॅट या फोनवरून पैसे द्यायच्या दोन्ही अॅपवर आता आपलं व्हिसा कार्ड किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. निघण्यापूर्वी बँकेकडून आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या आणि पासपोर्टची पडताळणी भारतातच उरका. अलिपेवर २०० युआनपेक्षा मोठ्या खरेदीला ३ टक्के शुल्क पडतं, त्याखाली नाही. गुगल मॅप्सऐवजी अमॅप घ्या. व्हॉट्सअॅप तिथल्या वायफायवर चालत नाही, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतं.

वैदेही_चिंचवड
धन्यवाद, पण मी पैसे कसे द्यायचे हे विचारलं नव्हतं. सर्व्हिस्ड की फ्लॅट, एवढंच कुणीतरी सांगा. मार्चमध्ये जाणार, ऑक्टोबरमध्ये परत.

इतिहासवेडा_पुणे
शांघायमध्ये सर्व्हिस असलेल्या अपार्टमेंटची परंपरा जुनी आहे आणि तिचं आपल्याशी नातं आहे, म्हणून लिहितो. १९२९ साली नदीकाठच्या बंडवर उभं राहिलेलं कॅथे हॉटेल, म्हणजे आजचं पीस हॉटेल, सर व्हिक्टर ससून यांचं. पुण्याचं ससून रुग्णालय आणि मुंबईचा ससून डॉक ज्या घराण्याच्या नावाने आहेत, तेच हे घराणं. त्यांनीच तिथे कॅथे मॅन्शन्स ही निवासी इमारत बांधली. आज ती जिनजियांग हॉटेलचा भाग आहे. सुझोउ खाडीवरची एम्बँकमेंट बिल्डिंगही त्यांचीच. घराण्यातले डेव्हिड ससून यांची कबर पुण्यात लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगच्या, आवारात आहे. एखाद्या रविवारी बंडवर नक्की जा.

मिलिंद_पुडोंग
ससूनचं हे ठाऊक नव्हतं, तीन वर्षांत त्या हॉटेलासमोरून कितीदा गेलो असेन. वेगळा धागा काढा यावर.

अनघा_के
मूळ मुद्द्यावर येऊ या. पोलीस नोंदणीबद्दल कुणीच बोललं नाही. पोहोचल्यापासून २४ तासांत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते. हॉटेलात उतरलं तर ते काम हॉटेल करतं. फ्लॅटमध्ये गेलात तर स्वतः पोलीस चौकीत जायचं किंवा ऑनलाइन भरायचं आणि त्याला घराचे कागद लागतात. चुकलं तर ताकीद मिळते किंवा २,००० युआनपर्यंत दंड होतो. वर्क व्हिसावर आल्यावर ३० दिवसांत रेसिडन्स परमिटसाठी अर्ज करायचा असतो आणि त्याला ही नोंदणीची चिठ्ठी लागते. त्या काळात पासपोर्ट कार्यालयात जमा असतो, हातात नुसती पावती. अशा वेळी घरासाठी वणवण नको.

राजू_निंगबो
मी चौकीत गेलो, पंधरा मिनिटांत काम झालं. उगाच बाऊ करू नये.

अनघा_के
तुम्हाला चिनी येतं, दादा. आणि सगळीच सर्व्हिस्ड अपार्टमेंट हॉटेलासारखी नोंद करून देत नाहीत. काही ठिकाणी नाव सर्व्हिस्ड असतं आणि आत वेगवेगळ्या मालकांचे फ्लॅट, एक एजन्सी भाड्याने देते. तिथे रिसेप्शनवरची मुलगी हात वर करते. माझ्याबाबत झालंय हे, दुसऱ्या दिवशी दुपारी धावत चौकी गाठली. वैदेही, तिन्ही ठिकाणी ईमेलने विचार : “तिघींची नोंदणी तुम्ही करणार का?”

नदीकाठचा_नाना
हे सगळं बरोबर, पण ऑफिस कुठे हे अजून कळलेलं नाही. पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं.

वैदेही_चिंचवड
माफ करा, शांघाय म्हणजे शांघाय असं मी धरून चालले होते. प्लांट आनटिंगला आहे. यादीतली तिन्ही अपार्टमेंट लुजियाझुईमध्ये आहेत.

नदीकाठचा_नाना
आनटिंग! अहो, मग पुशी-पुडोंग हा आमचा सगळा वादच बाद. आनटिंग जियादिंग जिल्ह्यात, शहराच्या वायव्य टोकाला, मोटारींच्या कारखान्यांचं गाव. लुजियाझुई नदीपलीकडे, पुडोंगमध्ये. रोज जायला सव्वा तास आणि यायला सव्वा तास. एचआरने नकाशा न बघता यादी केली आहे.

मिलिंद_पुडोंग
माझी शिफारस मागे घेतो. मेट्रो ११ नंबरची, आणि ती जियादिंग शिनचेंगला फुटते. एक फाटा जियादिंग उत्तरेला, दुसरा आनटिंगवरून हुआचियाओला जातो. प्रत्येक गाडी आनटिंगला जात नाही. डब्यावरची पाटी बघूनच चढा.

अनघा_के
तिघी म्हणजे कोण कोण? नवरा नाही ना?

वैदेही_चिंचवड
नाही. मी, चार वर्षांची मुलगी आणि माझी आई. नवरा इथेच, त्याची नोकरी सुटण्यासारखी नाही. आई बाहेरचं काही खात नाही, सोमवार-गुरुवार उपास असतात. मुलीला ती सांभाळणार, म्हणून तर हे सगळं जमतंय. मी प्लांटवर असताना दिवसभर त्या दोघीच घरी असतील. तिच्या मनासारखं स्वयंपाकघर नसेल तर ती मुकाट्याने दूध-केळ्यावर राहील आणि मला सांगणारही नाही, हीच माझी खरी काळजी आहे.

शिल्पा_दमट
अगं, हे पहिल्याच ओळीत लिहायचंस. मग माझं मत पक्कं : सर्व्हिस्डच. गीझर बिघडला, नळ गळला तर आईने फोनवर शून्य दाबायचा, कुणीतरी वर येतं. फ्लॅटमध्ये घरमालकाला चिनीत मेसेज कोण करणार, तू प्लांटवर असताना?

राजू_निंगबो
आई आणि लहान मूल असेल तर मीही सर्व्हिस्डच म्हणेन. पण लुजियाझुईत नको. एक तर आनटिंगमध्येच बघा, नाही तर ११ नंबरवर जियांगसू रोड, त्साओयांग रोड या पट्ट्यात. तुम्ही सव्वा तासावर आणि घरी त्या दोघी, हे बरोबर नाही. त्यांच्या व्हिसाचं झालंय का? वर्क व्हिसावाल्याच्या कुटुंबाला १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर एस१ लागतो, त्याखाली एस२. आईवडील एस१मध्ये बसतात. नात्याचे कागद आधीच प्रमाणित करून ठेवा, तुमच्या आणि मुलीच्या जन्मदाखल्यापासून सुरुवात करा.

वैदेही_चिंचवड
एचआर म्हणाले होते “फॅमिलीचं नंतर बघू”. उद्या सकाळीच फोन करते. राजूदादा, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

सुगरण_मावशी
मी लेकीकडे तिथे पाच महिने राहून आले, म्हणून आईच्या बाजूने सांगते. पुष्कळ सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये गॅस नसतो, इंडक्शन असतं, तेही कधी एकच. आपला अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. मी नेलेला तसाच परत आणला. इंडक्शनच्या बुडाचा स्टीलचा कुकर इथूनच घे, तवा आणि कढईही. पोळपाट-लाटणं ने. आपले प्लगही तिथे बसत नाहीत, मिक्सरसाठी अॅडॉप्टर लागेल. वीज मात्र २२० व्होल्टच. भाजी भरपूर मिळते. भेंडी, वांगी, कोथिंबीर, आलं, मिरच्या सगळं. ‘हेमा’ नावाच्या तिथल्या सुपरमार्केटमधून फोनवर मागवलं की घरपोच येतं. कढीपत्ता मात्र मिळाला नाही. साबुदाणा, वरई, भाजणी इथून. तूप नेऊ नकोस, दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. मी तिथे लोणी आणून कढवलं, छान झालं. नळाचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही, हे आईला आठवणीने सांग.

वैदेही_चिंचवड
मावशी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने लगेच कागद घेऊन यादी सुरू केली. गेल्या महिन्याभरात ती या प्रवासाबद्दल पहिल्यांदा आपणहून बोलली.

एचआरला कळवलंय की लुजियाझुईतलं एकही नको. ११ नंबरच्या मेट्रोवर किंवा आनटिंगमध्ये दोन बेडरूमचं सर्व्हिस्ड हवं, आणि सोबत चार प्रश्न : तिघींची पोलीस नोंदणी कोण करणार, फापियाओ कंपनीच्या नावाने मिळेल का, शेगडी कसली आणि किती, पावसाळ्यात डीह्युमिडिफायर मिळेल का. शुक्रवारची मुदत सोमवारवर गेली आहे.

आनटिंगमध्ये प्रत्यक्ष कुणी राहिलंय का? संध्याकाळी चार वर्षांच्या मुलीला घेऊन आईला जाता येईल अशी बाग चालत्या अंतरावर असेल का?

नदीकाठचा_नाना
माझा एक जुना सहकारी तिथल्या प्लांटवर होता, कुटुंबासह. आज रात्री फोन करून विचारतो आणि इथेच लिहितो.