मदत हवी आहे: फायबर मोडेमचा लाल दिवा लागतो आणि नेट तुटतं

वायफळ
कंपनीने दिलेला फायबरचा मोडेम आहे, राउटर त्यातच. दिवसातून पाच-सहा वेळा नेट जातं, दोन ते दहा मिनिटांनी आपोआप येतं. जातं तेव्हा हिरवा पॉन दिवा (फायबर जोडणीचा) लुकलुकतो आणि एलओएस लाल होतो. वायफायचा दिवा मात्र चालूच, फोनही जोडलेला दिसतो. बंद-चालू करून झालं. कस्टमर केअर म्हणतं रिसेट मारा. मारू का?

सांधेजोड
अजिबात नको. मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबलीत तर पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करण्याचं) युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक (कंपनीच्या जाळ्यातल्या तुमच्या मार्गाचा) सगळं पुसलं जाऊ शकतं. मग आत्ता अधूनमधून जाणारं नेट तंत्रज्ञ येईपर्यंत कायमचंच जाईल. आणि एलओएस लाल म्हणजे मोडेमपर्यंत पुरेसा प्रकाश पोचत नाही. सेटिंगचा त्यात काय संबंध?

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (पत्ता वेगळा असेल तर मोडेमच्या तळाच्या स्टिकरवर असतो). लॉगिन करून स्टेटसमध्ये पॉन किंवा ऑप्टिकल असं पान शोधा आणि आरएक्स पॉवरचा (मोडेमपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा) आकडा इथे द्या. डीबीएममध्ये (प्रकाशाच्या ताकदीचं माप), उणे चिन्हासकट.

वायफळ
आरएक्स −२७.८. दोनदा रिफ्रेश केलं तर एकदा −२८.१ आला. टीएक्स (मोडेम पाठवतो तो प्रकाश) २.३.

सांधेजोड
मग सापडलं. घरगुती जीपॉन (म्हणजे तुमच्यासारखा फायबरचा) मोडेम साधारण −८ ते −२७ या पट्ट्यात चालतो. तुम्ही काठावर आहात, जरा धक्का लागला की कडेलोट. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे −२१ च्या तुलनेत तुमच्याकडे जेमतेम पाव प्रकाश येतोय. टीएक्स ठीक आहे, मोडेमला दोष नाही.

आता वायर भिंतीपासून मोडेमपर्यंत बोटाने चाचपत या. कुठे दुमडली आहे का, कपाटामागे चेपली आहे का, खिळ्यात किंवा घट्ट झिपटायमध्ये आवळली आहे का? जादा वायरची गुंडाळी केली असेल तर ती बशीएवढी हवी, बांगडीएवढी नको. बाहेरून वायर धड दिसली तरी तीव्र वळणावर प्रकाश काचेतून बाहेर निसटतो.

कोपरा
कनेक्टरचा रंगही बघा. हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरव्या सॉकेटमध्ये निळा बसतो, पण मध्ये फट राहते आणि बरेच डीबी तिथेच जातात. रंग जुळत असेल तर मोडेम बंद करून कनेक्टर काढा आणि टक् आवाज येईस्तोवर परत बसवा. टोकाला बोट लावू नका, फुंकरही नको, वाफ बसते. आणि उघड्या टोकात डोकावून बघू नका: १४९० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, डोळ्याला इजा मात्र करू शकतो.

वायफळ
टीव्हीच्या कपाटाची मागची कड वायरवर टेकली होती. कपाट चार बोटं पुढे ओढलं, गुंडाळी सैल केली. आरएक्स −२१.३. लाल दिवा काल दुपारपासून नाही.

एक शंका: प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण लॅपटॉप केबलने जोडला की ९४ च्या वर जात नाही. वायफायवर १८० मिळतात. हेही फायबरमुळेच?

सांधेजोड
नाही, ९४ हा आकडाच चुगली करतो. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात, १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ या चारच पुरतात. एखादी तार तुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि हाती ९४-९५ येतात. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०० दिसतोय का बघा. दिसला तर आधी केबल बदला, कॅट ५ई प्रकारची पुरे. तरीही १००च राहिला तर दुसऱ्या पोर्टात लावून बघा. काही मोडेमला एकच पोर्ट गिगाबिटचं असतं, बाकीची १०० ची. पोर्टाशेजारी जीई लिहिलं असेल तर गिगाबिट, एफई असेल तर १००.

वायफळ
एफईमध्येच होती! जीईला लावली, १९६.